चार बॅटऱ्यांचा संच

भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही, हॉटेलात गार चहा आला तरी मुकाट्यानं पिऊन टाकला, रिक्षावाल्यानं घराच्या पुढं नेऊन सोडलं तरी तेवढं अंतर पायी मागं आले. अशा मधुसूदनरावांना कुणी पंच नेमील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण समोरचे बद्रीनाथ आणि बन्सी दारात येऊन उभे राहिले. आले दोघं बरोबरच, मात्र दोघांच्या मधून एखादी म्हैस आरामात गेली असती एवढी जागा सोडून.

"काका, आमची वाटणी करून द्या," बद्रीनाथ म्हणाला.

"मी?" मधुसूदनरावांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"तुम्हीच. तुमचं कुणाशी वाकडं नाय."

"वाकडं व्हायला आधी बोलावं लागतं," स्वयंपाकघरातून पद्मजाबाईंचा आवाज आला.

मधुसूदनराव एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर शहरातला भाड्याचा फ्लॅट सोडून पडेगावच्या या रो-हाउसमध्ये राहायला आले, त्याला आता बरेच महिने झाले होते. पुस्तकं मात्र अजून खोक्यांतच होती. समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये या दोघा भावांचा फर्निचरचा कारखाना. मूळचे पाचोडचे, गावाकडं मोसंबीची बाग आहे, पण दोघांचाही जीव लाकडात रमला. मधुसूदनरावांच्या पुस्तकांसाठी भिंतभर कपाट करायचं त्यांनीच अंगावर घेतलं होतं. फळ्या कापून झाल्या, हॉलच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात दोघांचं बिनसलं.

बिनसण्याचं कारण ऐकून पद्मजाबाई तोंड फिरवून हसल्या होत्या. भावांची सगळी मशिनं एकाच कंपनीची, करड्या रंगाची, बिनवायरची. ड्रिलला जी बॅटरी बसे तीच कटरला बसे, तीच स्क्रू मारायच्या मशीनला. मागून खट् करून लावायची, काम झालं की काढून दुसऱ्याला लावायची. चार बॅटऱ्या आणि एक चार्जर, एवढ्यावर सगळा कारखाना चाले. नियम साधा होता: ज्यानं बॅटरी संपवली त्यानं ती चार्जिंगला लावायची.

एके दिवशी बीड बायपासच्या एका फ्लॅटमध्ये बन्सी स्टुलावर उभा. ओट्यावरचं कपाट अर्धं भिंतीला, अर्धं त्याच्या खांद्यावर. त्यानं ड्रिलचं बटण दाबलं. ड्रिल घुर्रऽ करून गप्प झालं. बद्रीनाथनं तीच बॅटरी कटरला लावून पार संपवली होती आणि गुपचूप परत ड्रिलला बसवून ठेवली होती. कपाट खाली आलं ते घरमालकाच्या कोऱ्या काचेच्या शेगडीवर. भांडण शेगडीवरून निघालं ते लहानपणीच्या सायकलीपर्यंत गेलं. सायकल पंक्चर करून परत कोण ठेवायचा, यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी ठरलं, वेगळं निघायचं.

रविवारी सकाळी शेडमध्ये ताडपत्री अंथरली. सगळं सामान तिच्यावर मांडलं. भावांची आई आवडाबाई पाचोडहून आली होती. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डोक्यावरचा पदर सारखा करत बसली होती.

"आमच्यात तिऱ्हाइतानं वाटे पाडायचे," ती म्हणाली, "अन् धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजी कुनी कुनाला नावं ठिवायला नको. करा भाऊ सुरू."

मधुसूदनराव ताडपत्रीपाशी वाकले. ड्रिल आणि स्क्रूचं मशीन यांत त्यांना रंगावरून काही भेद करता येईना, कारण रंग एकच होता. मग त्यांनी आपलं नेहमीचं केलं. चष्मा पुसला आणि वर्गीकरण सुरू केलं. भोकं पाडणारी, पिळणारी मशिनं इकडं. कापणारी, घासणारी तिकडं. शिड्या, क्लॅम्प, पाणसळ, पेट्या. हात चालू लागला तसा त्यांना हुरूप आला. तेवढ्यात त्या चार बॅटऱ्या समोर आल्या. एकसारख्या, एका उंचीच्या, एका जाडीच्या, पाठीवर एकच नाव.

मधुसूदनरावांनी त्या जवळ ओढल्या. चार खंडांचा संच! नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी संच कधी फुटू दिला नव्हता. एक खंड हरवला की उरलेले तीन म्हणजे दात पडलेलं तोंड. एका प्राध्यापकांनी दुसरा खंड तेवढा घरी नेऊ द्या म्हणून किती विनवण्या केल्या होत्या. मधुसूदनरावांनी मान खाली घालून, पण नाहीच म्हटलं होतं. त्यांनी चारही बॅटऱ्या कापणाऱ्या ढिगात एका रांगेत ठेवल्या. राहिला चार्जर. काळा, पसरट, दोन बॅटऱ्या एकदम बसतील असा, पण एकटाच. एका बाजूला चार नग गेले, तर दुसऱ्या बाजूला काहीतरी द्यायला हवं, म्हणून त्यांनी तो ड्रिलच्या ढिगात ठेवला आणि वायर नीट गुंडाळून रबर लावलं.

"झालं. बघा बरं, ठीक आहे ना?"

बद्रीनाथनं ढिगांकडं पाहिलं. बन्सीनं पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली. बन्सीची मिशी जराशी हलली. बद्रीनाथ खोकला.

"माझं काय म्हणणं नाय," बद्रीनाथ म्हणाला.

"माझं तर मुळीच नाय," बन्सी म्हणाला आणि बॅटऱ्यांचा ढीग त्यानं आपल्याकडं ओढला.

मधुसूदनराव तरंगत घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा आपण चारचौघांत काही ठरवलं आणि कुणी हूं का चूं केलं नाही! त्या खुशीत त्यांनी स्वतः चहा केला, पद्मजाबाईंनाही दिला.

"आणि आपलं कपाट कुणाच्या वाट्याला आलं?" पद्मजाबाईंनी घोट घेत विचारलं.

मधुसूदनरावांचा कप ओठांपाशीच थांबला. कपाट ते विसरूनच गेले होते.

"छान. आता संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायकांना खोक्यांवर बसवते. एकेकीला सांगेन, जपून हं, तुमच्याखाली ज्ञान आहे."

पुढचे काही दिवस समोरची शेड गप्प होती. एरवी दिवसभर घर्रऽ, झुंईऽ, खट्खट् असे आवाज यायचे आणि मधुसूदनराव वाचताना मनातल्या मनात वैतागायचे. आता त्या शांततेत त्यांना एक पान वाचवेना. शेवटी चप्पल घालून ते कंपाउंडपर्यंत गेले. बन्सी शेडच्या त्याच्या अर्ध्या भागात स्टुलावर बसून शेंगा खात होता.

"काम नाही का रे आज?"

"काम लई हाय काका. बॅटऱ्या बसल्यात."

"मग त्या... त्या भरायच्या ना?"

"भरतो की. चार्जर दादाकडं हाय."

मधुसूदनरावांनी कंपाउंडचा गज धरला. मग सावकाश शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं बद्रीनाथ जुन्या पेचकसानं, दात आवळून, एक एक स्क्रू हातानं पिळत होता. शेजारी चकचकीत ड्रिल पडलं होतं.

"बद्रीनाथ, हे मशीन..."

"हाय ना. चांगलं हाय. पण चालवू कशावर, वाऱ्यावर?"

घरी येऊन मधुसूदनराव खोक्यावर बसले. एका बाजूला पोहरे आणि दुसऱ्या बाजूला विहीर, अशी वाटणी त्यांनी करून ठेवली होती. दोघांचाही धंदा त्यांनी एका सकाळीत बंद पाडला होता, तोही नीटनेटका, वर रबर लावून.

खरी धडकी भरली ती दुसऱ्या दिवशी. बन्सी गेटपाशी आला आणि सहज बोलून गेला, "काका, शनिवारी शहरात गुलमंडीच्या बाजाराकडं चाललोय. नवा सेट घेतो, लाल कंपनीचा. ह्या जुन्या बॅटऱ्या दुकानदार बदल्यात घेतो म्हणाला."

"लाल? म्हणजे या करड्या बॅटऱ्या त्याला..."

"नाय बसत. खाचाच येगळ्या असत्यात. लालची लालला, करड्याची करड्याला."

"आणि मग बद्रीनाथची मशिनं?"

बन्सीनं गेटची कडी उगाच वरखाली केली. "त्याचं तो बघील. त्याला पण दुसऱ्या दुकानदारानं हिरवी दाखवलीय म्हणं."

त्याच दुपारी आवडाबाई मोसंब्यांची पिशवी घेऊन पद्मजाबाईंकडं आली. फरशीवर पाय पसरून बसली आणि मोसंबी सोलत बोलू लागली.

"काय सांगू बाई, पोरं बोलत नाईत. सुना बोलत्यात, नातवंडं एका ताटात जेवत्यात, ह्यांचीच तोंडं वाकडी. मला वाटलं व्हतं, मशिनी हायत तवर एकमेकाच्या दारात जातील. आता येकाची लाल, येकाची हिरवी. मंग कशाला जातंय कुनी कुनाकडं?"

मधुसूदनराव आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून हे ऐकत होते. पुस्तक उलटं होतं.

"आमच्या मालकाची अन् दिराची वाटणी झाली तवा बांध पडला," आवडाबाई पुढं म्हणाली, "झाडं मोजली, भांडी मोजली. पर हीर नाय वाटली. हीर कशी वाटनार? तिला पाळी लावली. चार दिस आमचं पानी, चार दिस त्यांचं. बोलनं बंद व्हतं, पर पाळी बदलायला थोबाड तर दिसायचं ना! असंच चाललं अन् येक दिस आमच्या मालकाची तंबाखू सपली. दीर हिरीवर उभा. मागावीच लागली."

"दिली का?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"दिली. वरून चुना पन दिला."

दोघी खळखळून हसल्या. आत मधुसूदनरावांनी पुस्तक मिटलं.

बद्रीनाथकडं जाण्याआधी त्यांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आले; एकदा दूधवाला दिसला म्हणून, एकदा कुणीच दिसलं नाही म्हणून. तिसऱ्या वेळी पद्मजाबाईंनी मागून गेट लावून घेतलं. बद्रीनाथसमोर उभे राहिल्यावर जुळवलेलं वाक्य पार विस्कटलं आणि तोंडातून सगळ्या नोकरीभर ऐकलेलं वाक्यच बाहेर पडलं.

"बद्रीनाथ, तो चार्जर... थोडे दिवस वाचायला मिळेल का?"

"वाचायला? चार्जर?"

"म्हणजे ठेवायला. माझ्याकडे. जरा."

बद्रीनाथ त्यांच्याकडं बघत राहिला. मग उठला, फळीवरून चार्जर काढला, त्याच्यावरचा भुसा फुंकला. रबर अजून तसंच होतं.

"तुमाला देतो काका. दुसऱ्या कुणाला नाय. आणि तुमी पुढं काय करता ते माझ्या कानावर घालू नका."

बन्सीकडं काम सोपं झालं.

"माझ्याकडे एक चार्जर आहे," मधुसूदनराव म्हणाले.

"कुणाचा?"

"माझ्याकडे आहे."

बन्सीची मिशी पुन्हा हलली. त्यानं चारही बॅटऱ्या डब्याच्या पिशवीत घालून दिल्या.

"पण यातल्या दोन तुला भरून मिळतील. दोन माझ्याकडे राहतील," मधुसूदनराव म्हणाले आणि आपल्याच धीटपणानं दचकले. जिभेवर सरस्वती बसावी तसं त्यांना झालं होतं. संच फुटत होता, आणि फोडणारे तेच.

बन्सीनं पिशवीकडं पाहिलं, समोरच्या टोकाच्या बद्रीनाथच्या पाठीकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मी कशाला इचारू दोन कुठं जात्यात?"

अशा रीतीनं हॉलमधल्या खोक्यांवर चार्जर बसला. लाल दिवा लुकलुकायचा, बॅटरी भरली की हिरवा व्हायचा. हिरवा झाला की मधुसूदनराव स्वयंपाकघरात जाऊन वर्दी देत. "अहो, ऐकलं का, दुसरी पण झाली."

"बारसं करू का?" पद्मजाबाई विचारत.

सकाळी बन्सी यायचा, जरा उशिरानं बद्रीनाथ. रिकामी ठेवायची, भरलेली न्यायची. समोरची घर्रऽ झुंईऽ पुन्हा सुरू झाली, आणि मधुसूदनरावांना त्या आवाजात पानामागून पानं वाचता येऊ लागली. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण पद्मजाबाईंशी बोलायला त्यांना बंदी नव्हती.

"काकू, त्यांना सांगा, ड्रिलची बॅटरी लई तापवून आणू नका म्हणावं. जरा गार होऊ द्यावी," बन्सी म्हणे.

"काकू, त्याला सांगा, तुला ड्रिल धरायला शिकवलं कुणी ते आठव म्हणावं आधी."

पद्मजाबाई निरोप पोचवताना त्यात आपलं तिखटमीठ घालत. "बद्रीनाथ, बन्सी म्हणतोय, दादाचा हात आणि बॅटरी दोन्ही गरम." असं बन्सी बोललेला नसे, पण बद्रीनाथ हसू दाबत पायऱ्या उतरे.

तरीही शनिवार यायचा तो आलाच. बन्सी न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला.

"काका, चारी बॅटऱ्या द्या. दुकानदार वाट बघतोय."

"दोनच आहेत रे. दोन..."

"माहीत हाय कुठं हायत ते. बोलवा त्यांना."

बोलवायची गरज पडली नाही. खांद्याला ड्रिलची पिशवी अडकवून, हातात दोन रिकाम्या बॅटऱ्या घेऊन बद्रीनाथ पायऱ्या चढतच होता. दोघं हॉलमध्ये समोरासमोर आले. मध्ये पुस्तकांची खोकी. आता एका माणसानं बोलायला हवं होतं, आणि तो माणूस आपण आहोत हे मधुसूदनरावांना कळलं.

"बन्सी, जाऊ नको," ते म्हणाले. "म्हणजे, जा, पण आधी ऐक. चूक माझी आहे. मला यातलं काही कळत नाही. चार सारखे दिसले, मला वाटलं खंड आहेत. संच फोडू नये म्हणून एकीकडं ठेवले. चार्जर काय असतो ते मला... वाटणी मी चुकवली. तुमची दोघांची यात काही चूक नाही. मी नव्यानं वाटे पाडतो. तुम्ही लाल घेऊ नका, हिरवं घेऊ नका."

एवढं सलग ते कितीतरी वर्षांनी बोलले होते. पद्मजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

बद्रीनाथनं डोकं खाजवलं. "काका, ते तर आमाला त्याच दिवशी कळलं व्हतं."

"ताडपत्रीवरच कळलं," बन्सी म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"हा बोलला नाय, म्हणून मी बोललो नाय," बद्रीनाथ म्हणाला.

"मी काहून बोलू? मला वाटलं, येईल दोन दिवसांत बॅटरी मागायला."

"अन् मला वाटलं, हा येईल चार्जर मागायला."

दोघं पहिल्यांदाच मध्ये पद्मजाबाईंना न घालता बोलले होते. हे लक्षात येताच दोघंही फळ्यांकडं बघू लागले. पद्मजाबाईंनी ती संधी साधली.

"हे बघा, लाल घ्या नाहीतर जांभळं घ्या. पण आमचं कपाट तुम्ही दोघं एक असताना घेतलेलं काम आहे. ते आधी भिंतीला लावा आणि मग गुलमंडीला जा, नाहीतर दिल्लीला जा."

बन्सीनं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. ड्रिल बद्रीनाथचं, बॅटरी बन्सीची. चार्जरजवळच्या दोनांतली एक बन्सीनं उचलली, बद्रीनाथनं ड्रिल पुढं केलं, खट् झालं. भिंतीला भोकं पडू लागली. सिमेंटची भुकटी खोक्यांवर उडाली, पण मधुसूदनरावांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. दोघांचं बोलणं कामापुरतंच होतं.

"धर."

"धरली."

"वर. लई वर नको. पाणसळ बघ."

"बुडबुडा मधी हाय."

खालचे कप्पे बसले. मग सगळ्यात वरचा, लांबलचक, पेटीसारखा कप्पा आला. बन्सी स्टुलावर चढला. कप्प्याचं एक टोक भिंतीला पक्कं झालं, दुसरं त्याच्या खांद्यावर. बद्रीनाथनं शिडीवरून ड्रिल टेकवलं, बटण दाबलं.

घुर्रऽ. आणि ड्रिल गप्प.

हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की दौलताबाद रस्त्यावरची एसटी गिअर बदलताना ऐकू आली. बन्सी कप्प्याखाली मान वाकडी करून उभा. बद्रीनाथ शिडीवर, हातात मुकं ड्रिल. मधुसूदनरावांनी डोळे मिटून घेतले. तीच जागा, तोच खांदा, तोच आवाज. आता सायकल निघणार.

"दादा," कप्प्याखालून आवाज आला, "ही कुणी संपवली?"

"मी नाय! आईशपथ मी नाय! ही तर तूच उचलून दिली. दुसरी लाव."

मधुसूदनरावांनी घाईनं दुसरी पुढं केली. ती लावली, तर ती नुसती घुर्रऽ सुद्धा म्हणेना.

"ही पण? मी तर रात्रभर लावून ठेवल्या होत्या!" मधुसूदनराव रडकुंडीला आले.

दारातून एक बारीक खाकरणं ऐकू आलं. पद्मजाबाई पदराला हात पुसत होत्या.

"ते... मला रात्री तीळ आणि गूळ फिरवायचे होते," त्या म्हणाल्या. "मिक्सरला हा हॉलमधलाच प्लग नीट चालतो, म्हणून चार्जर काढला. मी म्हटलं, परत लावीन. मग लाडू वळायला घेतले आणि राहिलं."

सगळ्यांत आधी कप्पा हलायला लागला. मधुसूदनरावांना वाटलं पडतोय, म्हणून ते खोक्यावर चढले आणि त्यांनी आपला खांदा खाली लावला. मग त्यांच्या लक्षात आलं, बन्सी हसत होता. आवाज न करता, पोट धरता येत नसल्यानं सगळ्या अंगानं हसत होता. वर शिडीवर बद्रीनाथला फुटलं ते एकदम मोठ्यानं, पत्रा वाजावा तसं.

"शेगडीचं आठवलं!" बद्रीनाथ म्हणाला. "तो मालक... शेगडीकडं बघून काय म्हणाला आठवतं का?"

"'अजून पूजा पण झाली नव्हती!'" बन्सी कसाबसा म्हणाला, आणि कप्पा पुन्हा डुगडुगला.

"हसू नका रे, पडेल!" मधुसूदनराव ओरडले आणि स्वतःच हसू लागले. आपण ओरडलो, याचंच त्यांना जास्त हसू आलं.

बद्रीनाथनं शिडीवरून उतरून चार्जर प्लगमध्ये घातला, त्याला बॅटरी लावली आणि परत येऊन तिसरा खांदा दिला. थोडी भरली तरी चार स्क्रूंना पुरणार होती. तोवर कप्पा सोडता येत नव्हता. तिघं एका रांगेत उभे, सहाही हात वर. पद्मजाबाई ताटली घेऊन आल्या. कुणाचाच हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी एकेकाच्या तोंडात अख्खा लाडू घातला. आधी बद्रीनाथ, मग बन्सी, शेवटी नवरा.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा भरवते आहे," त्या मधुसूदनरावांना म्हणाल्या. "हात खाली असते तर लाजून पळाला असतात."

तेवढ्यात बन्सीच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. बन्सीचं तोंड भरलेलं. बद्रीनाथनं आपला एक हात सोडून फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो... नाय, त्याचा भाऊ बोलतोय... तो अडकलाय. कपाटाखाली... नाय नाय, लागलं नाय, मजेत हाय... लाल सेट? थांबा, इचारतो." त्यानं फोन छातीशी धरला. "काय सांगू?"

बन्सी चावत राहिला. मधुसूदनरावांना त्याच्या कानशिलावरची शीर हललेली दिसत होती. लाडू एवढा वेळ चावायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. खोक्यावर चार्जरचा लाल दिवा लुकलुकत होता.

बन्सीनं घास गिळला. "सांग, बॅटरी चार्जिंगला लावलीय. ती झाल्याबिगर मला हलता येत नाय."

"आज जमत नाय म्हणतो," बद्रीनाथनं फोनमध्ये सांगितलं. "उद्या? उद्या आमचं दोघांचं काम हाय."

संक्रांतीचं हळदी-कुंकू झालं तेव्हा कपाट भरलेलं होतं. आवडाबाई पाचोडहून मुद्दाम आली होती. मधुसूदनरावांनी धीर करून विषय काढला, की आता सगळं गोडीगुलाबीत आहे तर वाटणी एकदा नीट करून टाकतो, बॅटऱ्या दोन-दोन आणि चार्जर आणखी एक घेऊ.

"पुस्तकवाले भाऊ," आवडाबाईनं पदर सावरत म्हटलं, "हात नका लावू तिला. लई झ्याक झालीय."

चार्जर त्यांच्याकडंच राहिला. तो कुठल्या वर्गात बसवावा याचा मधुसूदनरावांनी दोन-तीन दिवस विचार केला आणि शेवटी मधल्या कप्प्यात, चार खंडांच्या शब्दकोशाशेजारी, त्याला जागा दिली. शेजारी चार बॅटऱ्या ओळीनं.

एका सकाळी कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतला सांडू दारात आला. तो सहसा कुणाकडं येत नसे.

"काका, बद्रीभाऊ म्हणाले तुमच्याकडं मिळंल. माझ्याकडं गवत कापायचं मशीन हाय, त्याच करड्या कंपनीचं. बॅटरी बसली. दिवसभरासाठी एखादी..."

मधुसूदनरावांनी ओळीकडं पाहिलं. एक बन्सीनं नेली होती, एक बद्रीनाथनं. दोन उरल्या होत्या. त्यांनी त्यातली एक काढली, चार्जरला लावून दिवा हिरवा असल्याची खात्री केली आणि सांडूच्या हातात ठेवली.

"परत आणशील तेव्हा चार्जिंगला लावून जायचं. नियम आहे."

"व्हय काका."

तो पायऱ्या उतरला तेव्हा मधुसूदनरावांचा हात नकळत टेबलावरच्या पेनाकडं गेला.

"अहो," आतून पद्मजाबाई म्हणाल्या, "रजिस्टर काढायचं नाही हं!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. शब्दकोशाच्या चार खंडांशेजारी एकच बॅटरी उभी होती, बाजूला तीन रिकाम्या जागा. ते त्या जागांकडं बघत हसले, मग खिडकी उघडून खुर्चीत बसले. समोरून घर्रऽ आली, तिच्यावर झुंईऽ, आणि कोपऱ्याकडून गवत कापल्याचा एक नवाच आवाज. त्यांनी पुस्तक उघडलं.